हलव्याचा काटा : प्रथिनांवरची साखर आणि स्वतःवर उलटलेली प्रतिकारशक्ती

रक्तपेढीच्या फ्रीजमध्ये रक्तगट तपासायच्या द्रावणांच्या रांगेत एक छोटी बाटली कुळथाच्या अर्काची असते. ज्याचं आपण पिठलं आणि कढण करतो, तोच कुळीथ. त्याच्या दाण्यातलं एक प्रथिन ‘ए’ गटाच्या तांबड्या पेशींवरची एक ठरावीक शर्करा ओळखतं आणि तिला घट्ट धरतं. अर्क योग्य प्रमाणात पातळ केला, की ‘ए१’ उपगटाच्या पेशींच्या गुठळ्या होतात, ‘ए२’च्या होत नाहीत. साखर ओळखणाऱ्या अशा प्रथिनांना लेक्टिन म्हणतात.

रक्तगट म्हणजे मुळात साखर आहे, हे शाळेत आपल्याला कुणी सांगत नाही. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये गट दाखवून दिले आणि १९३० मध्ये त्यांना त्यासाठी नोबेलही मिळालं, पण गट नेमका कशात असतो हे कळायला १९५०चं दशक उजाडलं. तांबड्या पेशीवरच्या प्रथिनांना आणि मेदांना शर्करांच्या साखळ्या लटकलेल्या असतात. त्या साखळीच्या टोकाला एन-अ‍ॅसिटिल गॅलॅक्टोसामिन असेल तर गट ‘ए’, साधं गॅलॅक्टोज असेल तर ‘बी’, दोन्ही नसतील तर ‘ओ’. ‘ए’ आणि ‘बी’ची टोकं जडवणाऱ्या दोन एन्झाइमांत जेमतेम चार अमिनो आम्लांचा फरक आहे. तेवढ्यावर चुकीचं रक्त चढलं तर माणूस दगावू शकतो.

या टोकांच्या खाली एक पाया असतो, त्याला ‘एच’ म्हणतात. तो फ्युकोज नावाच्या शर्करेने पुरा होतो. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे लोक सापडले, की ज्यांच्या पेशींवर हा पायाच नव्हता. ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदीतून ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हे नाव जगभर गेलं. शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं नाही. या गटाचा माणूस एरवी ठणठणीत असतो. अडचण येते ती रक्त चढवायची वेळ आली की. त्याच्या रक्तात ‘एच’विरुद्धचे प्रतिपिंड असतात, त्यामुळे ‘ओ’ गटाचंही रक्त त्याला चालत नाही.

पुढे १९९२ मध्ये इस्राएलमधल्या दोन मुलांची नोंद झाली. त्यांचाही रक्तगट बॉम्बेच होता, पण ही मुलं सतत जंतुसंसर्गाने आजारी असत आणि त्यांची वाढही खुंटलेली होती. रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर होत्या, मात्र रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर पडणं त्या पेशींना जमत नव्हतं. त्या पकडीलाही फ्युकोज असलेलीच साखळी लागते. बॉम्बे गटाच्या माणसात फ्युकोज फक्त ‘एच’च्या जागी जडत नाही. या मुलांत फ्युकोज पेशीतल्या कारखान्यापर्यंत पोहोचतच नव्हतं, म्हणून ते कुठेच जडलं जात नव्हतं. शर्करा एकच, ती एका जागी नसली तर फक्त रक्तपेढीची धावपळ होते आणि सगळीकडे नसली तर जिवावर बेततं. पुढे आलेल्या काही रुग्णांना तोंडावाटे फ्युकोज दिल्यावर संसर्ग आटोक्यात आला.

ही दोन उदाहरणं आधी घेतली, कारण या विषयावर लिहिताना ‘साखर कमी’, ‘साखर जास्त’ अशी मोघम भाषा पटकन येते. कुठली शर्करा, कुठल्या प्रथिनावर आणि त्या प्रथिनाच्या कुठल्या जागी, एवढं सांगितल्याशिवाय इथे काहीच सांगितल्यासारखं होत नाही.

संक्रांतीचा हलवा ज्यांनी घरी केला आहे त्यांना ग्लायकोसायलेशन समजावणं सोपं. कढईत तीळ, खाली मंद आच, वरून चमचा-चमचा पाक आणि हात सतत फिरता. कृती सगळ्यांना तीच सांगितलेली असते, तरी एकीच्या हलव्याला काटा येतो आणि दुसरीचा गुळगुळीत राहतो. त्या दिवशीची थंडी, पाकाचा दाटपणा, आच, हाताची गती, सगळ्यावर ते ठरतं. पेशीतही तसंच होतं. प्रथिनाची साखळी जनुकात अक्षरन् अक्षर लिहिलेली असते. तिच्यावर कोणती साखर कशी चढेल याचा मजकूर मात्र कुठेही लिहिलेला नाही. जनुकं फक्त साखर जडवणारी आणि छाटणारी एन्झाइमं बनवतात. पुढे कोणतं एन्झाइम किती आहे, शर्करांचा पुरवठा कसा आहे आणि प्रथिन कारखान्यातून किती वेगाने सरकतं आहे, यावर साखळीचा शेवटचा आकार ठरतो.

साखर जडायचे मुख्य मार्ग दोन. एकात प्रथिन तयार होत असतानाच १४ शर्करांचा बांधलेला घोस अ‍ॅस्पॅराजिन या अमिनो आम्लावर एका झटक्यात बसवला जातो आणि मग त्याची छाटणी सुरू होते. ही छाटणी म्हणजे तपासणीही असते. प्रथिनाची घडी चुकली असेल तर छाटलेलं ग्लुकोज परत लावून त्याला मागे पाठवलं जातं. घडी नीट बसली की ते पेशीतल्या गॉल्जी या दालनात जातं आणि तिथे टोकांचं नक्षीकाम होतं. दुसऱ्या मार्गात सेरिन किंवा थ्रिओनिनवर एकेक शर्करा चढत जाते. ही यंत्रणा जन्मतःच बिघडलेली असू शकते. बेल्जियममधल्या याक याकेन यांनी १९८० मध्ये दोन जुळ्या बहिणींत असा विकार वर्णिला आणि आता असे शंभराहून अधिक विकार माहीत आहेत. त्यांतल्या एका प्रकारात तोंडावाटे मॅनोज देणं हाच उपचार असतो.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. मधुमेहाच्या रिपोर्टवर ‘एचबीएवनसी’च्या शेजारी अजूनही कुठे कुठे ‘ग्लायकोसायलेटेड हिमोग्लोबिन’ असं छापलेलं असतं. ते चूक आहे. रक्तातलं ग्लुकोज हिमोग्लोबिनला आपोआप चिकटतं, त्यात एन्झाइमाचा हात नसतो. त्याला ग्लायकेशन म्हणतात. तो पाक सांडून भांड्याला चिकटण्याचा प्रकार आहे, हलव्याचा नव्हे. तेव्हा चहात साखर घालावी की नाही, याचा या लेखाशी संबंध नाही.

आता प्रतिकारशक्तीकडे येऊ. रक्तातल्या आयजीजी या प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी ‘वाय’सारखा असतो. दोन हात शत्रूला धरतात आणि देठ पुढचा हुकूम देतो. त्या देठाच्या दोन्ही साखळ्यांवर, २९७व्या जागेवरच्या अ‍ॅस्पॅराजिनवर, साखरेचा एकेक फुलोरा असतो. वजनाने तो सगळ्या रेणूच्या दोन-तीन टक्केच असतो, पण तो पूर्ण काढला तर देठाचा पांढऱ्या पेशींशी असलेला संवाद जवळजवळ तुटतो. या फुलोऱ्याचे तीसहून अधिक आकार एकाच माणसाच्या रक्तात एकाच वेळी सापडतात.

१९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या राज पारेख, रेमंड ड्वेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानी संशोधकांच्या साथीने ‘नेचर’मध्ये दाखवलं, की ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांत या फुलोऱ्याची टोकं बोडकी असतात. तिथलं गॅलॅक्टोज गळालेलं असतं. ‘ग्लायकोबायोलॉजी’ हा शब्द तीनच वर्षांनी याच गटाने रूढ केला. बोडक्या आयजीजीचं प्रमाण रोगाच्या तीव्रतेबरोबर वाढतं, हे नंतर अनेकांनी पाहिलं. ल्युपस आणि आतड्याच्या दाहाच्या विकारांतही तेच दिसलं.

इथे गरोदरपणाचा मुद्दा फार बोलका आहे. या संधिवाताच्या कितीतरी स्त्रियांना दिवस गेले की सांधे मोकळे होतात आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत दुखणं परत उसळतं. फिलिप हेंच यांनी १९३८ मध्ये हे नोंदवलं होतं. पुढे कॉर्टिझोनसाठी नोबेल मिळवणारे हेंच ते हेच. दिवस गेल्यावर आयजीजीवरचं गॅलॅक्टोज वाढतं आणि बाळंतपणानंतर ते उतरतं, असं पुढच्या मोजण्यांत दिसलं. दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवले तर कुणालाही वाटेल की कोडं सुटलं.

माझ्या मते, ते सुटलेलं नाही. गॅलॅक्टोज निरोगी गरोदर बाईतही वाढतं. वय वाढेल तसं ते सगळ्यांतच कमी होतं आणि स्त्रियांत रजोनिवृत्तीच्या सुमारास ही घट जास्त जाणवते, कारण इस्ट्रोजेनचा त्याच्याशी संबंध आहे. संसर्ग झाला, दाह झाला तरी ते बदलतं. बोडक्या टोकाला रक्तातलं मॅनोज-बाइंडिंग लेक्टिन चिकटतं आणि दाह पेटतो, अशी एक सुबक उपपत्ती १९९५ मध्ये मांडली गेली. परंतु गरोदर रुग्णांच्या डच अभ्यासात त्या लेक्टिनच्या पातळीचा आणि सांधे सुधारण्याचा मेळ बसला नाही. गॅलॅक्टोज रोगाबरोबर चालतं, यात शंका नाही. ते रोगाला ओढतं की रोगामागे फरपटत जातं, हा प्रश्न चाळीस वर्षांनंतरही उभा आहे. हलव्यावर काटा नाही म्हणून थंडी कमी पडली, असं तर कुणी म्हणत नाही.

त्यामुळे रक्तातल्या आयजीजीच्या साखरेवरून ‘शरीराचं खरं वय’ सांगणाऱ्या चाचण्या बाजारात आल्या आहेत, त्यांकडे मी जरा सावधपणेच पाहतो. त्यामागचं संशोधन खरं आहे. झाग्रेबच्या गोर्दान लाउक यांच्या गटाने हजारो लोकांच्या मोजण्या केल्या आहेत. पण साखरेवरून गर्दीचं सरासरी वय कळणं वेगळं आणि एका माणसाला त्याच्या आकड्यावरून जीवनशैलीचा सल्ला देणं वेगळं.

कार्यकारणाच्या जास्त जवळ जाणारा पुरावा गॅलॅक्टोजच्या पुढच्या टोकावर, म्हणजे सियालिक आम्लावर आहे. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं, की सांध्यांचा दाह सुरू होण्याच्या आधी एक प्रकारच्या टी-पेशी प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींमधलं सियालिक आम्ल जडवणारं एन्झाइम दाबतात. स्वतःविरुद्धचे प्रतिपिंड शरीरात आधीपासून असतात, पण त्यांचा देठ सियालिक आम्लाने झाकलेला असेपर्यंत ते शांत राहतात. हे पुष्कळसं उंदरांत सिद्ध झालं असलं, तरी माणसातल्या एका जुन्या निरीक्षणाशी ते जुळतं. सिट्रुलिनविरुद्धचे प्रतिपिंड शोधणारी अँटी-सीसीपी चाचणी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह असूनही काहींचे सांधे धडधाकट असतात.

याच प्रतिपिंडांबद्दल नेदरलँड्समधल्या लायडेनच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट शोधली आणि ती मला या सगळ्या शाखेतली सर्वांत चक्रावणारी वाटते. साखर सहसा देठावर असते. पण सिट्रुलिनविरुद्धच्या या प्रतिपिंडांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांच्या हातांवरही, शत्रूला धरायच्या जागेच्या आसपास, साखर चढलेली असते. साखर बसायची ही जागा वंशपरंपरेने आलेल्या जनुकात नसते. बी-पेशी आपलं शस्त्र घासूनपुसून धारदार करत असताना तिच्या जनुकात बदल होतात आणि त्यांतून ती घडते. इतक्या पेशींत ती योगायोगाने येणं शक्य नाही, म्हणजे ही साखर असलेल्या पेशींना टिकून राहण्यात काही फायदा मिळत असला पाहिजे. कॅनडातल्या आदिवासी समाजांत संधिवात बराच आढळतो. तिथल्या रुग्णांच्या नातेवाइकांत ही हातावरची साखर दिसली, की पुढे रोग होण्याची शक्यता वाढलेली आढळली.

फ्युकोजची गोष्ट त्यामानाने सरळ आहे. आयजीजीच्या देठावर ते नव्वद टक्क्यांहून अधिक रेणूंत असतं आणि ते लगामाचं काम करतं. ते काढलं की मारक पेशींची पकड कितीतरी घट्ट होते. कर्करोगावरची ओबिनुटुझुमॅबसारखी औषधं मुद्दाम फ्युकोज कमी करून बनवतात. डेंग्यू आणि कोविडच्या गंभीर रुग्णांत फ्युकोज नसलेले प्रतिपिंड जास्त सापडले, तेव्हा हाच लगाम निसर्गतःही सुटू शकतो हे ध्यानात आलं.

साखरेनेच रोग होतो, असं ठामपणे म्हणता येईल असा विकार कुठला, असं विचारलं तर मी आयजीए नेफ्रोपॅथीचं नाव घेईन. पॅरिसच्या ज्याँ बेर्जे आणि निकोल आँग्ले यांनी १९६८ मध्ये तो वर्णिला. घसा धरला, ताप आला आणि दोन दिवसांत लघवी चहाच्या रंगाची झाली, अशी तरुण रुग्णांची तक्रार असते. अनेकांत तेवढीही खूण नसते, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत लघवीत प्रथिन आणि रक्त सापडतं. मूत्रपिंडाच्या गाळणीत आयजीए साचलेलं असतं. जगभर मूत्रपिंडाच्या गाळणीचा हा सर्वाधिक आढळणारा प्राथमिक विकार आहे आणि आपल्याकडे त्याची चाल बऱ्याचदा वेगवान असते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात चाललेल्या पाहणीत ते स्पष्ट दिसतं.

आयजीए१ या प्रतिपिंडाच्या बिजागरीवर सेरिन-थ्रिओनिनवरच्या छोट्या साखळ्या असतात. या रुग्णांत त्यांतल्या काहींवर गॅलॅक्टोज चढत नाही आणि खालची शर्करा उघडी पडते. गंमत अशी, की ही उघडी शर्करा मोजायला प्रयोगशाळांनी बागेतल्या गोगलगाईचं लेक्टिन वापरलं. मग शरीर त्या उघड्या टोकाविरुद्ध आयजीजी बनवतं, दोघांचे गुंते तयार होतात आणि ते गाळणीत अडकतात. इथे साखर सूचक नाही, ती स्वतःच लक्ष्य आहे.

याला दुजोरा देणारा पुरावा शस्त्रक्रियागृहातून आला. या रुग्णाला नवं मूत्रपिंड बसवलं तर त्यातही आयजीए पुन्हा साचू शकतं. उलट, आयजीए साचलेलं मूत्रपिंड नकळत दुसऱ्या आजाराच्या रुग्णाला बसवलं गेलं, तर ते काही काळाने स्वच्छ होतं. म्हणजे दोष मूत्रपिंडात नाही, रक्तात फिरणाऱ्या रेणूत आहे. तरीही रुग्णांच्या काही निरोगी नातेवाइकांत गॅलॅक्टोजविना आयजीए तितकंच वाढलेलं सापडतं आणि त्यांना काही होत नाही. पहिला धक्का साखर देते, पण पुढचे धक्के बसल्याशिवाय रोग उभा राहत नाही.

या समजुतीचा व्यवहारात उपयोगही झाला. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात लसिकापेशींचे पुंजके असतात आणि आयजीए मोठ्या प्रमाणात तिथून येतं. नेमक्या त्याच जागी विरघळणारं ब्युडेसोनाइड हे औषध अमेरिकेत २०२१ च्या डिसेंबरात मंजूर झालं. तरीही निदानासाठी आजही बायोप्सीची सुई लागतेच. साखरेची रक्तचाचणी संशोधनातून वॉर्डात उतरलेली नाही.

टी-पेशींवरच्या साखरेचं काम थोडक्यात सांगतो. मायकेल डेमेट्रियू, जेम्स डेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं, की उंदरांतलं एमगॅट५ हे साखरेच्या साखळीच्या फांद्या वाढवणारं एन्झाइम काढून टाकलं तर टी-पेशी क्षुल्लक कारणावरून भडकतात आणि ऑटोइम्यून रोग होतो. सियालिक आम्लाची पेशींवरची झालर ‘हे आपलं घर आहे’ अशी ओळख पटवते, या विचाराला अजित वर्की यांनी मोठा आधार दिला. वर्की वेल्लोरलाच शिकले आणि पुढे सॅन दिएगोला गेले. सियालिक आम्लाचा एक प्रकार माणूस लाखो वर्षांपूर्वी बनवायचा थांबला, पण तांबड्या मांसातून तो आपल्या पेशींत शिरतो आणि त्याविरुद्ध आपल्याच रक्तात प्रतिपिंड असतात. त्यातून कितपत रोग होतो, याबद्दल मात्र मतभेद आहेत.

ही ओळखीची झालर जंतूंनाही पांघरता येते. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पुण्यात, मुख्यतः सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी, नांदेड गाव या भागांत, गुईलेन-बॅरे या नसांच्या विकाराचे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण सापडले. आधी जुलाब, मग पायांत मुंग्या, मग पाय उचलत नाहीत. अनेकांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी सापडला. हा जंतू आपल्या पृष्ठभागावरच्या मेदाला सियालिक आम्ल जडवून आपल्या चेतातंतूंवरच्या गँग्लिओसाइडसारखी हुबेहूब साखळी बनवतो. शरीर जंतूविरुद्ध प्रतिपिंड बनवतं आणि ते आपल्याच नसांवर जाऊन बसतात. नोबुहिरो युकी यांनी १९९० मध्ये हा धागा पकडला. ही साखर प्रथिनावरची नाही, मेदावरची आहे, म्हणून ती या लेखाच्या कुंपणाबाहेर ठेवता आली असती. पण प्रथिनांवर अ‍ॅस्पॅराजिनच्या वाटेने साखर चढवणारा पहिला जंतू म्हणून जो ओळखला गेला, तोही कॅम्पायलोबॅक्टर जेजुनीच.

पुण्यातल्या त्या रुग्णांना जे दिलं गेलं त्या ‘आयव्हीआयजी’तही साखरेचाच प्रश्न पुन्हा येतो. हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेलं हे आयजीजी असतं. पाच दिवसांत किलोमागे दोन ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला एकशेवीस ग्रॅम. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या जेफ्री रॅव्हेच यांच्या गटाने सुचवलं, की दाह शमवण्याचं काम त्यातले सियालिक आम्ल असलेले थोडेसे रेणूच करतात. तेवढेच वेचून दिल्यावर उंदरांत दहाव्या हिश्शात तोच परिणाम साधला. इतर प्रयोगशाळांत ते प्रत्येक वेळी जमलं नाही आणि माणसात तशी वेचलेली मात्रा उपचार म्हणून रुळलेली नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात नातेवाईक पाच-पाच ग्रॅमच्या बाटल्या मोजत होते. साठ किलोला चोवीस.